धुतलेली काच

मास्तरांच्या गोष्टी मी आयुष्यभर सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, मुंजीच्या मांडवात, दुपारी ओसरीवर बसून. लोक पोट धरून हसतात. धारला आता त्यांना पाहिलेली माणसं उरलेली नाहीत, त्यामुळे मी सांगेन तेच मास्तर, असं होऊन बसलं आहे. आणि मी सांगत आलो ते मास्तर म्हणजे चिखलात लोळणारा, झुडपांशी बोलणारा, नसलेल्या फुलाचा ध्यास घेतलेला एक विक्षिप्त ड्रॉइंग मास्तर. गोष्ट एका ठरावीक जागी आली की मी तपकिरीची डबी काढतो, चिमूट ओढतो आणि विषय बदलतो. इतकी वर्षं झाली, कोणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या नातजावयाने सरळ विचारलं, "आजोबा, पण ते फूल खरंच होतं का हो?"

मी म्हणालो, "कोणाला ठाऊक!"

सगळे हसले. मीही हसलो. पण तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. फूल होतं. मी पाहिलं होतं. मास्तरांच्याही आधी पाहिलं होतं. त्याचा पुरावा का उरला नाही हे जगात दोघांना माहीत होतं, त्यातला एक गेला. दुसरा जाण्याआधी लिहून ठेवतो आहे.

मास्तर मूळचे देवासचे. घर शिंप्याचं, आजोबा कधीकाळी फौजेबरोबर दक्षिणेतून आले आणि वडील थोरल्या पातीच्या फरासखान्यात तंबू शिवायचे. बाहेरगावच्यांसाठी सांगायला हवं की तेव्हा देवास गाव एक आणि राजे दोन. थोरली पाती, धाकटी पाती. रस्त्याची एक बाजू याची, दुसरी त्याची. मास्तर लहानपणापासून देवीच्या टेकडीवर झाडंझुडपं बघत फिरायचे. ते सांगायचे, एकदा एका वेलीचं चित्र काढत बसलेले असताना शिपायाने हटकलं.

"ओ भिया, या बेल कणी की हे? बड़ी पाती की के छोटी की?"

मास्तर म्हणाले, "जड़ बड़ी में हे, फूल छोटी में खिल्यो हे."

शिपाई विचारात पडला आणि म्हणाला, "तो दोई जगे से परवानगी लाओ."

मास्तरांनी खरोखर दोन अर्ज केले. सुंदर अक्षरात, वेलीच्या चित्रासकट. उत्तर कुठूनच आलं नाही. हे सांगताना ते हसायचे नाहीत. त्यांना त्यात विनोद दिसतच नव्हता. वेल दोन राज्यांत असेल तर दोन अर्ज करावे लागणार, इतकं साधं.

धारच्या शाळेत ते चित्रकला शिकवत. मी तेव्हा एका सरदारांच्या कोठीवर कारकून होतो. कोठी म्हणजे धान्य, दिवाबत्ती, जाजमं, भांडीकुंडी यांचं भांडार. किल्ल्या माझ्या कमरेला. म्हणून मास्तर मला नावाने हाक न मारता "अहो कोठीवाले" म्हणत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठे, उंच, किडकिडीत, बायको लवकर गेलेली. उजव्या हाताची बोटं कायम काळी. फोटोच्या काचा ज्या औषधात धुवायच्या, त्याने ती डागळलेली असत. पंगतीत लोक त्यांच्याजवळचा पाट टाळत. कोणी म्हणे रक्तदोष, कोणी आणखी काही. मास्तरांना ते कळत असे. ते शेवटच्या पाटावर आपण होऊन बसत आणि वाढप्याला म्हणत, "वरूनच वाढा, बाबा, म्हणजे या हाताला शिवायला नको."

त्यांचा कॅमेरा जुना होता, इंदूरच्या कुणा निवृत्त साहेबाकडून आलेला. मोठ्या काचांचा. काळा तंबू मात्र त्यांनी स्वतः शिवलेला, बापाच्या हातच्या टाक्याने. सुट्टीच्या दिवशी हे सगळं पाठीवर घेऊन ते रानात जात आणि कुत्रं ज्याच्याकडे बघणार नाही अशा गवतफुलाचा फोटो काढत. माणसांचे फोटो काढायचे नाहीत. का, तर "माणसं हलतात." एकदा आमच्या सरदारांनी गळ घालून घरच्या मंडळींचा फोटो बागेत काढवला. काच धुऊन कागदावर छापली तेव्हा सगळं सरदार घराणं धुक्यात बुडालेलं, आणि पुढे पायरीच्या फटीत उगवलेला एक टिचभर आघाडा, त्याचा तुरा न् तुरा स्वच्छ! सरदार दिलदार होते, हसले. मास्तर म्हणाले, "आघाडा छान आला."

फोटोत रंग येत नसत, म्हणून ते प्रत्येक फुलाचा रंग वहीत शब्दांत लिहीत. ती वही मी वाचली आहे. "चुन्याच्या निवळीचा पांढरा." "नव्या लुगड्याच्या काठाचा जांभळा, दोन धुण्यांनंतरचा." "ताकावरच्या पाण्यासारखा, ऊन पडल्यावर." शिंप्याचा डोळा होता तो, कापड ओळखणारा. वाळवलेली रोपं कागदावर डिंकाने न चिकटवता बारीक धाग्याने टाचत. आणि एक नियम होता. एका ठिकाणी वीस रोपं मोजल्याशिवाय एकही तोडायचं नाही. एकोणीस असली तरी नाही. मग फक्त फोटो.

"फूल बघायचं तर माणसाने आधी आडवं झालं पाहिजे," असं ते म्हणत. आडवे होतही. शाळेतली पोरं त्यांना घोरपड म्हणत.

नालछ्याजवळ आमच्या सरदारांचा एक बगीचा होता. श्रावणात मी तिथे हिशेब बघायला बैलगाडीने जात असे. त्या वर्षी मास्तर म्हणाले, "मलाही न्या, मांडूच्या उतारावर मला काम आहे." गेलो. दोन दिवस त्यांच्यामागून फिरलो. माझं काम म्हणजे वारा अडवायला छत्री धरायची आणि फुलामागे माझं पांढरं उपरणं पसरून उभं राहायचं. भिंगावरची टोपी काढली की मास्तर पावकीचा पाढा म्हणायला लागत. घड्याळ नव्हतं; पावकीच्या किती ओळींना काच पुरेशी उजळते हे त्यांनी बसवून ठेवलं होतं. "एक पाव पाव, बे पाव अर्धा..." आणि तेवढा वेळ सगळ्यांनी श्वास धरायचा. मी, गाडीवान, जमलं तर बैलसुद्धा.

दुसऱ्या दिवशी पायात काटा गेला म्हणून मी एका दगडावर बसलो. काटा काढताना नजर खाली गेली. दगडाच्या सावलीत वीतभर उंचीचं एक रोप, त्याला एकच पांढरं फूल. गळ्याशी जांभळी झाक, आणि एक पाकळी कोणी टाचणीने मागे दुमडून ठेवावी तशी उलटी.

"मास्तर, हे काय?" मी सहज म्हणालो.

मास्तर आले. आडवे झाले. हनुवटी मातीला टेकवून फुलाकडे बघत तसेच पडून राहिले. एवढ्यात एक म्हातारी शेळ्या घेऊन वरून उतरली. त्यांना तसं पडलेलं बघून मला म्हणाली, "यो मास्टर मरी ग्यो कंई?"

"नी माई, फूल देखी रिया."

म्हातारी वाकली, फूल पाहिलं, मास्तरांना पाहिलं. "इने तो बकरी भी नी खाय," म्हणाली आणि गेली.

मास्तर उठले तेव्हा गुडघ्यापासून छातीपर्यंत लाल माती. आवाज बदललेला. "कोठीवाले, हे मी कधी पाहिलेलं नाही. पुस्तकातही नाही. रोपं मोजू या."

आम्ही तो सगळा उतार पायाखाली घातला. नऊ रोपं.

"नऊच," मास्तर म्हणाले. "मग तोडता येणार नाही."

"एक घेतलं तर काय बिघडणार आहे?"

"नवाची आठ होतील."

त्यांनी एकच काच उजळली. वाऱ्याने तीनदा छळलं, चौथ्यांदा पावकी पुरी झाली. माझ्या उपरण्यापुढे ते फूल एवढं स्थिर उभं राहिलं की मलाही वाटलं, याला कळलंय आपल्याला कोणी बघतंय.

त्यानंतर महिन्याभरात गणपती आले. सरदारांच्या घरी गणपतीला एकवीस पत्री वाहायचा रिवाज होता, आणि ती पत्री गोळा करून तबकात मांडायचं काम वर्षानुवर्षं माझं. मास्तर दर्शनाला आले. तबकाकडे बघत उभे राहिले. उपाध्ये "देवदारुपत्रं समर्पयामि" म्हणाले तसे मास्तर बोलले, "हा अशोक आहे."

उपाध्ये थांबले. "काय म्हणालात?"

"देवदार हिमालयात होतो. हा बागेतला अशोक. आणि ती विष्णुक्रांता नव्हे, गोकर्ण आहे. मरवाही मरवा नाही." मग त्यांनी एकेक पान उचलून वेगळं केलं. एकवीसांतली आठ चुकीची निघाली.

"देवाला भाव लागतो, मास्तर!" उपाध्ये तापले. "सुई-दोऱ्याचं काम करणाऱ्यांनी आम्हाला पत्री शिकवायची?"

"भावच पुरतो तर नावं कशाला घेता?" मास्तर अगदी शांतपणे म्हणाले. "नाव घेऊन दुसरंच पान द्यायचं, हे देवाशी खोटं बोलणं आहे."

सरदार खळखळून हसले. माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो, इतकी वर्षं आमच्या देवाला तुम्ही पाला घालत होतात?"

सगळी बैठक हसली. सरदारांच्या मुलांनी मला त्या दिवसापासून "पालेवाले" म्हणायला सुरुवात केली. मग नोकर म्हणायला लागले. मग बाजार. माझ्या बायकोला विहिरीवर कोणी तरी पालेवालीण म्हणालं. मास्तरांना यातलं काही कळलं नाही. पुढच्या आठवड्यात ते खऱ्या मरव्याचं एक रोप कुंडीत घालून माझ्या घरी घेऊन आले. "पुढल्या वर्षी चूक नको," म्हणाले. मी हसून घेतलं, आणि त्याला पाणी घातलं नाही.

हे मी एवढ्यासाठी सांगितलं की पुढचं वाचताना कोणी म्हणू नये, घाईत झालं, नकळत झालं. मीही स्वतःला तेच सांगत आलो होतो.

मास्तरांनी पुण्याकडच्या एका विद्वान गृहस्थांना त्या फुलाबद्दल पत्र लिहिलं, सोबत हाताने काढलेलं चित्र पाठवलं. दिवाळीनंतर उत्तर आलं. मास्तरांनी ते मला, मुख्याध्यापकांना, नाक्यावरच्या पानवाल्यालासुद्धा वाचून दाखवलं. विद्वानांनी लिहिलं होतं की वर्णन खरं असेल तर हे फूल आजवर नोंदलं गेलेलं नाही. मात्र आपण चित्रकलेचे शिक्षक आहात, चित्र कसंही काढता येतं. तरी वाळवलेलं रोप किंवा फोटो पाठवावा. रोप तर नव्हतंच. फोटो छापायचा कागद संपलेला होता आणि मुंबईहून मागवलेलं पार्सल प्लेगमुळे वाटेत कुठे तरी अडकलं होतं. म्हणजे त्या फुलाचा पुरावा म्हणून जगात एकच वस्तू होती. ती काच.

मग प्लेग धारला आला. उंदीर पडायला लागले तसं गाव बाहेर शेतांत झोपड्या घालून राहायला गेलं. मास्तरांच्या आळीतली घरं फिनाईलच्या पाण्याने धुतली जाणार होती. त्यातच देवासहून निरोप आला की आई आजारी आहे. निघण्याआधी ते एक लाकडी पेटी घेऊन माझ्याकडे आले.

"कोठीवाले, काचांना पाणी लागलं तर वरचा थर सुटतो. तुमची कोठी दगडी, कोरडी. एवढं सांभाळा."

पेटीत साठेक काचा होत्या, कागदात गुंडाळून उभ्या लावलेल्या. सगळ्यांच्या वर एक लाल फ्लॅनेलची पिशवी, कडेने हातशिलाई, तोंडाला दोरा. त्यात काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. "ही वर ठेवतो, हिच्यावर वजन नको," एवढंच म्हणाले.

प्लेग ओसरत असताना कोणी बडा साहेब दौऱ्यावर येतो आहे आणि सरदारांकडे चहाला थांबणार आहे, अशी बातमी आली. दिवाणखाना सजवायचा हुकूम झाला. पूर्वजांचे आणि नातेवाइकांचे फोटो चौकटीत बसवून दोन रांगांत लावायचे. बावीस चौकटी. इंदूरहून गाडीने आलेल्या काचा वाटेत फुटल्या. चार दिवस उरले. सरदार मला म्हणाले, "काचा पाहिजेत. कुठून आणता ते मी विचारणार नाही."

चौकटी बनवणारा मिस्त्री कोठीत चौकटींची मापं घेत होता. पेटी उघडी करून मीच त्याला दाखवली. त्याने एक काच उजेडात धरली.

"बाबूजी, ये तो फोटू की कांच है. नाप भी बराबर. गरम पानी में सोडा डालो, चमड़ी उतर जाएगी."

"चमडी?"

"ये काला जो दिखता है न. बिलकुल साफ निकलेगी."

मी पिशवी बाजूला ठेवली आणि खालच्या बावीस काचा मोजून दिल्या. त्या वेळी मनात हेच होतं: साठांतल्या बावीस, मास्तर चिडतील, मग विसरतील, माझी नोकरी तरी राहील. परसात मोठं पातेलं चढवलं होतं. मिस्त्री एकेक काच बुडवायचा, आणि पातळ सायीसारखं काही तरी सुटून पाण्यावर यायचं. त्यात पानं, देठ, पाकळ्या दिसायच्या आणि विरघळायच्या.

संध्याकाळी मिस्त्री परत आला. "एक तड़क गई. एक और दे दो."

पेटीत अजून अडतीस काचा होत्या. मी हात घातला असता तर कुठलीही आली असती. मी पिशवीचा दोरा सोडला. काच बाहेर काढली, खिडकीशी नेली. उलट्या चित्रात पांढरं काळं दिसतं. माझं उपरणं काळंभोर, त्याच्यापुढे फूलही काळं, पण कडेने उजळलेलं, आणि ती एक पाकळी मागे दुमडलेली. मला त्या वेळी उपाध्ये आठवले नाहीत, सरदार आठवले नाहीत. मला पानवाल्याच्या दुकानासमोर पत्र वाचणारे मास्तर आठवले. "मला सापडलेलं फूल," ते म्हणाले होते. मला. काटा माझ्या पायात गेला होता. आणि मी पालेवाला.

"ये लो," मी म्हणालो.

मग मी पेटीवर आणि उरलेल्या काचांवर फिनाईलचं पाणी शिंपडलं.

मास्तर फाल्गुनात परतले. आई गेली होती. डोकं भादरलेलं, केस अजून खुंटाएवढेच. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि तयार ठेवलेलं खोटं सांगितलं. कोठीत उंदीर मेलेला सापडला, घरं धुणारी माणसं शिरली, मी नव्हतो, वरच्या काचा भिजून गेल्या, टाकून द्याव्या लागल्या.

"पिशवी?"

"ती वरच होती ना."

मास्तरांनी पेटीला हात लावला, बोटं नाकाशी नेली. फिनाईलचा वास आला असणार. मग म्हणाले, "तुमचंही गेलं हो, कोठीवाले."

"माझं काय गेलं?"

"फूल पहिल्यांदा पाहणारे म्हणून पत्रात मी तुमचं नाव घातलं होतं. त्यांनी उत्तरात विचारलंही होतं, हे गृहस्थ कोण म्हणून. ती ओळ मी वाचून दाखवली नाही. छापून आल्यावर तुमच्यापुढे ठेवणार होतो." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "प्लेगच्या कोठीत तुम्ही माझ्या पेटीपायी आत-बाहेर केलंत. तुम्हाला काही झालं असतं तर? चूक माझी झाली."

त्यांनी माझी माफी मागितली. मी ती दिली.

पुढच्या श्रावणात ते नालछ्याला एकटे गेले. साहेबाच्या गाडीसाठी त्या बाजूचा रस्ता नीट केला होता, आणि भरावाचा मुरूम नेमका त्या उतारावरून खणून नेला होता. एकही रोप सापडलं नाही. विद्वानांचं दुसरं पत्र आलं, सभ्य भाषेत: पुराव्याअभावी विचार करता येत नाही. मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत म्हणाले, "मास्तर, स्वप्नातल्या फुलाचा फोटो काढायला स्वप्नातलाच कॅमेरा लागतो." हे वाक्य गावभर झालं. मीही ते चार ठिकाणी सांगितलं, आणि मास्तरांची नक्कल करताना पोटावर पडून दाखवलं.

त्या वर्षी दसऱ्याला सरदारांकडे पानसुपारी होती. शाळेच्या मंडळींना बोलावणं होतं. मास्तर दिवाणखान्यात शिरले आणि फोटोंच्या रांगेपुढून हळूहळू चालू लागले, नाक जवळजवळ काचेला लावून. कोणी तरी म्हणालं, "मास्तर, फोटो हुंगतात का?" हशा झाला. ते एका फोटोपुढे थांबले. सरदारांचे काका, भरघोस मिशा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात मास्तर हिऱ्याच्या कणीने बारीक आकडा कोरत असत. सोड्याने वरचा थर जातो, कोरलेला आकडा जात नाही. मला हे माहीत नव्हतं.

ते माझ्याकडे आले. हातात विडा होता. आवाज चढवला नाही.

"काकासाहेबांच्या मिशांवर बसलंय बघा आपलं फूल," म्हणाले. "काच छान धुतली आहे. मिस्त्रीला सांगा."

विडा तबकात परत ठेवून निघून गेले. त्यानंतर महिन्याभरात शाळा सोडून देवासला गेले. धारला पुन्हा आले नाहीत.

मी देवासला एकदा गेलो. मधे चौदा वर्षं गेली होती. मास्तरांना दिसेनासं झालंय असं कोणी सांगितलं, म्हणून गेलो. दिसत नसेल तर बोलणं सोपं जाईल, असा नीच विचारही त्यात होता. इंदूरपर्यंत लॉरी, पुढे दुसरी लॉरी. वाटभर मी एक वाक्य घोकत होतो. मास्तर पुतणीकडे राहत होते. तिने दार उघडलं. "काका, धार से कोई आए हैं," असं आत सांगून मला म्हणाली, "या ना, बसा."

मास्तर खाटेवर बसून बोटांनी एक वाळलेलं पान चाचपत होते. मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग आम्ही बोललो. माझ्या मुलांबद्दल, धारच्या तलावाबद्दल, सरदार गेले त्याबद्दल. चहा झाला. दोनदा मी घसा साफ केला. दोनदा पुतणी आत आली आणि मला बरंच वाटलं. असा पाऊण तास गेला.

मी उठायच्या बेताला आलो तेव्हा मास्तर म्हणाले, "कोठीवाले, तुम्ही कशाला आलात ते मला कळतं. ते बोलू नका."

मी खाली बसलो.

"तुम्ही माफी मागितलीत तर मला ती द्यावी लागेल. स्वभाव तसा आहे माझा, तोंडून जाईलच. आणि मला द्यायची नाही." त्यांनी पान खाटेवर ठेवलं. "घाईत होतात, हुकूम होता, हाताला येईल ती काच दिलीत. एवढं मी धरून चाललोय. तेवढ्यावर माझं चालतं. अजून काही असेल तर तुमच्यापाशी असू द्या."

मी पाया पडलो नाही. नमस्कार करून निघालो. चार वर्षांनी ते गेल्याचं पोस्टकार्ड पुतणीने पाठवलं.

त्यांनी मनाई केली म्हणून मी गप्प राहिलो, असं मी पुष्कळ वर्षं धरून चाललो. तेवढ्यावर माझंही चाललं. पण मनाई शेवटी झाली. त्याआधी पाऊण तास होता. कप पुसून ठेवला जाईपर्यंत, पुतणी दोनदा आत-बाहेर होईपर्यंत, तलावात यंदा पाणी किती हे सांगून होईपर्यंत मला कोणी अडवलं नव्हतं, आणि वाक्य लांब नव्हतं. मास्तर, हाताला आली ती काच मी दिली नाही. पेटीत अडतीस होत्या, मी पिशवीचा दोरा सोडला, फूल उजेडात धरून ओळखलं, आणि मग दिलं. मला क्षमा करा.